पुलावर हळू

१२ जानेवारी

धाकट्या,

आजही तू बाहेर आला नाहीस. मी जाळीसमोरच्या स्टुलावर बसून राहिले आणि तुझ्या जागी तुरुंगाचा शिपाई आला. "तो नको म्हणतोय बाई," म्हणाला. त्या बिचाऱ्यालाच ओशाळल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? हा लहानपणापासून असाच. रुसला की पलंगाखाली जाऊन बसायचा. तेव्हा निदान पाय धरून ओढून काढता यायचा." तो हसला, आणि मला मात्र रस्त्यावर येईपर्यंत रडू आवरेना. स्वेटर आणि साबण त्याच्याकडे दिलेत. स्वेटरच्या कोपरांना ठिगळं मीच लावलीत, म्हणून वाकडी आहेत. लाँड्रीत इस्त्री करता येते म्हणजे शिवताही येतं असं थोडंच आहे? आणि जी चांगलं शिवते तिच्याकडे तुझा स्वेटर न्यायला मला तोंड नाही.

पाळकसाहेबांनी तुझी ती एक ओळ मला दाखवली. "ज्यांचं काही गेलं नाही त्यांनी मला माफ केलं, आभारी आहे." एवढंच लिहिलंस? त्यांनी तुला दोन पानं लिहिली होती रे. वाचताना त्यांचा चेहरा असा पडला होता, की मला तुझा राग यायच्या ऐवजी तुझंच खरं वाटायला लागलं.

त्या रविवारी तू तिथे नव्हतास, तेव्हा ऐक. भिंगरीचं दफन झालं त्यानंतरची पहिली उपासना. चर्चमध्ये सगळी मंडळी आली होती, मागे खुर्च्या टाकाव्या लागल्या. उपदेश संपला आणि पाळकसाहेब पुढे आले. म्हणाले, "आपला एक भाऊ अंधारात आहे. तोही आपलाच आहे. ज्यांनी त्याला माफ केलं असेल त्यांनी उभं राहावं." त्यांच्या मनात पाप नव्हतं, तुला शपथेवर सांगते. आपल्या लोकांना चांगलं करायची घाईच फार. दुसऱ्या कुठल्या गर्दीनं अशी चूक केली नसती, ती आपणच करावी. ऑर्गनवाल्या काकू उठल्या, मग पुढचे बाक, मग मागचे. मीही उठले. माझ्या भावाला माफ करत होते ना सगळे! मला रडूच आलं, आनंदाचं.

मग मी मान वळवली. भिंगरीची आई तिसऱ्या बाकावर बसलेली होती. एकटी. चहूबाजूंनी आम्ही उभे, आणि मधे खड्ड्यात पडल्यासारखी ती. तिला समोरचं काही दिसतही नसणार, नुसत्या आमच्या पाठी. तिला कुणी विचारलंच नव्हतं. नवरा आधीच गेलेला, एक पोर होती तीही गेली, आणि आम्ही तिच्या वतीनं माफ करून मोकळे!

आम्ही बसलो तेव्हा ती उठली. पदर सावरला, बाकामधून बाहेर आली आणि दार ओढून घेऊन निघून गेली. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून ती चर्चमध्ये आलेली नाही.

म्हणून लिहितेय, की तुझी ती ओळ बरोबर होती. पण बरोबर बोललास म्हणजे सुटलास असं नव्हे. पुढच्या भेटीला बाहेर ये.

तुझी ताई


२० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही, भेट नाही. ठीक आहे. मी भिंतीशीही बोलू शकते, नणंदेबरोबर संसार केलाय मी.

भिंगरीच्या आईचं सांगते. तू विचारलं नाहीस, पण तुझे कान तिकडेच असतील. महिलामंडळ सूप घेऊन गेलं, तिनं दार उघडलं नाही. पाळकबाई फुलं घेऊन गेल्या, उघडलं नाही. खिडक्या भर दुपारी बंद, पडदे ओढलेले. आत शिलाई मशीनचा तेवढा छोटा दिवा. पोटासाठी काम चालू ठेवलंय म्हणून तो दिवा तरी होता.

आणि एकच गोष्ट त्या दारातून आत जात होती. आमच्या लाँड्रीचं गाठोडं. फाटलेलं, उसवलेलं, बटण तुटलेलं काही आलं की आम्ही तिच्याकडेच पाठवतो, पूर्वीपासून. मीच घेऊन जायचे. दार किलकिलं व्हायचं, हात बाहेर यायचा, गाठोडं आत. एक शब्द नाही. तुझी बहीण म्हणून तिनं गाठोडं नाकारलं असतं तर मी काय करणार होते? नाकारलं नाही.

हे मी एकदा ऑर्गनवाल्या काकूंपाशी बोलले. झालं! काकूंच्या पोटात काही राहतंय थोडंच! पुढच्याच आठवड्यात काकू स्वतः लाँड्रीत हजर. हातात कोट. "याचं अस्तर उसवलंय गं." मी बघितलं, तर कात्रीनं कापलेलं. मग खजिनदारांची पँट आली, वर करायला. ती वर होऊन आली तर त्यांच्या मुलीची आली, खाली करायला. अरे, सगळ्या मंडळीचे कपडे या महिन्यात एकदा आखूड आणि एकदा लांब झालेत! ज्याला त्याला स्वतः न्यायचंय. "गाठोडं जड असेल तुला, मीच देऊन येतो." उंबऱ्यावर जायचं, कपडा द्यायचा, परत यायचं. प्रार्थना नाही, बायबलचं वचन नाही, समजावणं नाही. पाळकसाहेबांनीच तशी ताकीद दिली होती. म्हणाले, "आपण एकदा फार बोललोय. आता ती बोलेपर्यंत गप्प."

तिला कळलं नसेल का? कात्रीचा काप ती ओळखणार नाही? पण तिनं एकेक कपडा नीट शिवून दिला.

शेवटी पाळकसाहेब स्वतःचा झगा घेऊन गेले. मी गाठोड्यासकट मागे उभी होते म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी झगा पुढे केला आणि म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. माझं चुकलं."

तिनं झगा हातात घेऊन त्याचा काठ उलटून बघितला. मग म्हणाली, "खालून झिजलाय. पायऱ्या चढताना पायात येत असेल. दोन बोटं वर घेते." आणि पहिल्यांदा दार उघडंच ठेवून आत गेली.

पाळकसाहेब घरी जाईपर्यंत नाक पुसत होते. मीही.

तुझी ताई


६ एप्रिल

धाकट्या,

ती आली. काल उपासनेला आली.

आपल्याकडे शेवटी नावांची प्रार्थना होते ती आठवते ना? ज्याला कुणासाठी मागायचंय त्यानं उभं राहायचं, नाव घ्यायचं, आणि सगळ्यांनी म्हणायचं, "प्रभू, जवळ राहा." तुला लहानपणी त्याची फार गंमत वाटायची. एकदा तू उभं राहून आपल्या बोक्याचं नाव घेतलंस, आणि सगळी मंडळी गंभीरपणे म्हणाली, "प्रभू, जवळ राहा." आईनं घरी येऊन तुझा कान पिळला होता.

काल ती त्याच तिसऱ्या बाकावर बसली. नावांची वेळ आली तशी उठली आणि म्हणाली, "मी माझ्या मुलीच्या नावासाठी आलेय. घरी ते नाव घेतलं की कुणी काही म्हणत नाही. भिंती गप्प बसतात. इथे कुणीतरी उत्तर देतं, म्हणून आलेय. मी कुणाला माफ करायला आलेली नाही, ते सगळ्यांनी ऐकून ठेवा. आणि त्याचं नाव माझ्यासमोर इथे घ्यायचं नाही." मग तिनं भिंगरीचं खरं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. आम्ही उत्तर दिलं. छत हललं असेल, इतक्या मोठ्यानं.

मग माझी पंचाईत. एवढे महिने मी दर रविवारी तुझं नाव घेत आले होते. आता काय करायचं? तिचं म्हणणं मोडू? की तुला सोडून देऊ? माझं डोकंच चालेना, पण पाय सवयीनं उभे राहिले. उभी राहिले आणि तोंडातून काही निघेना. तशीच उभी. वाटलं, आता बसावं, पुरे झाली शोभा.

तेवढ्यात ऑर्गनमागून काकूंचा चिरका आवाज आला, "प्रभू, जवळ राहा." आणि त्यांच्यामागून सगळे म्हणाले. नाव न घेताच. भिंगरीची आई म्हणाली नाही. ती समोर बघत बसून राहिली, पण उठून गेली नाही.

तेव्हा तुझं आता असं आहे बाबा. तुला नाव नाही, पण जागा आहे.

तुझी ताई


११ मे

धाकट्या,

हे पत्र नीट बसून वाच. पायाखाली सरकवलं असेल तर आधी उचल.

परवा भिंगरीची आई लाँड्रीत आली. स्वतःहून. मी इस्त्री करत होते. ती टेबलापलीकडे उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, एक विचारू?" तिनं मला ताई म्हटलं. मी इस्त्री उभी केली, नाहीतर शर्ट जाळला असता.

म्हणाली, "तिचे पाय अनवाणी का होते?"

मला कळेना. मग तिनं सांगितलं. अपघातानंतर पुलाजवळून भिंगरीला उचललं तेव्हा तिच्या पायात काही नव्हतं. व्हॅनमध्ये नंतर एकच चप्पल मिळाली. गाण्याच्या तालमीला जाताना आईनंच तिला नव्या चपला घातल्या होत्या, पट्टे लावून. मग त्या निघाल्या कशा? पोर घाबरून उठली होती का? दार उघडायला धडपडत होती का? पाय कुठे अडकले होते का? "रात्रंदिवस तेवढंच दिसतं ताई," म्हणाली. "तिचे पाय. बाकी सगळ्या मुलांना त्यांच्या त्यांच्या घरी सोडलं. पुलापलीकडची माझीच एकटी. शेवटी गाडीत दोघंच होते. ती तर गेली. ज्याला माहीत आहे असा एकच माणूस उरलाय."

धाकट्या, तू त्या दिवशी तुझ्या गॅरेजमालकाच्या वाढदिवसाला प्यायलास आणि तरी मंडळीची व्हॅन काढलीस. ते कोर्टात झालं, त्याची शिक्षा भोगतोयस, त्याबद्दल मी आता बोलत नाही. पण चर्चच्या फाटकापासून पुलापर्यंतचा रस्ता तुझ्याकडे राहिलाय. तो तुझा नाही. ते त्या पोरीचं शेवटचं जगणं आहे, आणि ते तिच्या आईचं आहे. तू ते कोठडीत घेऊन बसलायस.

पुढच्या भेटीला ती माझ्याबरोबर येणार आहे. माफ करायला नाही, हे तिनं मला दोनदा बजावलंय. फक्त विचारायला. तू तिला ताई म्हणायचास ना रे? तिच्या हातचं खाल्लंयस, तिनं शिवलेला शर्ट घालून नाचलायस. बाहेर ये. हात जोडते.

तुझी ताई


८ जून

आला नाहीस.

लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं शिव्याच द्याव्यात. आता त्याही सुचत नाहीत.

ती इस्त्रीची साडी नेसून आली होती. बसमध्ये तिनं मला खिडकीजवळ बसू दिलं नाही, स्वतः बसली आणि पूल येईपर्यंत बाहेर बघत होती. पुलावर डोळे मिटले. मी तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला, आणि पूल संपल्यावर परत माझ्या हातात दिला.

जाळीसमोर आम्ही दोघी बसलो. शिपाई आला, खाली बघत. त्यानं काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "कळलं." पण उठली नाही. भेटीची वेळ संपेपर्यंत पलीकडच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसली. शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याला जाळीतून मुलाचे दात दाखवत होती, "बघा, पुढचे दोन आले." ती तेही बघत होती.

परत येताना एवढंच म्हणाली, "त्यालाही सांगवत नसेल. म्हणजे वाईटच असणार."

ऐकलंस? तू गप्प बसून तिला हे दिलंस. आधी नुसतं माहीत नव्हतं, आता ती नक्की वाईटच धरून चाललीय.

तुला वाटतं तू प्रायश्चित्त घेतोयस. कुणाला भेटायचं नाही, उजेडाला यायचं नाही, मोठी शिक्षा करून घेतोयस स्वतःला! अरे गाढवा, तू दार लावून बसलायस आणि तिची पोर तुझ्याबरोबर आत कोंडलीय. तिला तरी बाहेर पाठव.

आणि खरं सांगू? त्या रविवारी मी उभी राहिले, पण मी तुला माफ केलेलं नव्हतं. भाऊ परत हवा होता म्हणून उभी राहिले. आजही केलेलं नाही. आज तर मुळीच नाही. तरी येत्या रविवारी उभी राहणारच, कारण मी नाही उभी राहिले तर कोण राहील?

ताई


१३ जुलै

धाकट्या,

त्या दिवशी शिपायानं "येतोय" म्हटलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. किती वाळलायस. केस पांढरे झालेत, माझ्याआधी! जाळीकडे पाठ करून बसलास आणि भिंतीला सांगितल्यासारखं सगळं सांगितलंस. बरं केलंस पाठ केलीस. माझाही चेहरा तुला दिसला नाही.

शेवटी म्हणालास, "ते एक सोडून बाकीचं सांग तिला." मी हो म्हटलं नव्हतं, आठवून बघ.

मी बसनं परस्पर तिच्याकडेच गेले. पडदे आता अर्धे उघडे असतात. वाटेत भेटलेले पाळकसाहेबही आले, पण बाहेर पायरीवर बसले. म्हणाले, "लागलो तर हाक मारा, नाहीतर मी इथेच आहे." ती मशीनवर होती. मी म्हटलं, "तो बोलला." तिनं दिवा बंद केला, मग परत लावला. म्हणाली, "बोला."

मी सांगितलं. तू सांगितलंस तसंच, माझ्या पदरचं काही न घालता. की भिंगरीला मागे बस म्हटलं तर ती ऐकेना, पुढेच बसली. नव्या चपला चावत होत्या, म्हणून तिनं स्वतःच पट्टे काढले आणि चपला खाली टाकल्या. दुसऱ्या दिवशीच्या उपासनेत तिला एकटीला एक कडवं म्हणायचं होतं, त्याचा सराव चालला होता. पाय समोरच्या डॅशबोर्डवर टेकवून ती तळव्यांनी ताल धरत होती. दुसरी ओळ दर वेळी विसरायची आणि स्वतःच्या मनानं काहीतरी घुसडायची. एकदा तिनं देवाला "छान शिवणारा" म्हटलं. तू हसलास, तशी ती रागावली आणि तुला खालचा सूर धरायला लावला. तू धरलास.

इथे ती थांबवून म्हणाली, "ताल धरत होती? पायांनी?"

"हो," म्हटलं.

"म्हणजे घाबरली नव्हती."

"नाही गं. गात होती."

ती मशीनवर डोकं टेकून रडली. इतके दिवस मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. पाळकसाहेब दारापर्यंत आले, मी हातानंच थांबवलं. मी इथे गप्प बसले असते तर चाललं असतं. पण ती डोळे पुसून म्हणाली, "अजून आहे. तुमच्या तोंडावर दिसतंय."

मग तेही सांगितलं. की पूल आला तशी भिंगरी गाणं थांबवून म्हणाली, "मामा, हळू. आई म्हणते, पुलावर हळू." आणि तू म्हणालास, "तुझी आई कपडे शिवते की रस्ता सांभाळते?" आणि ती खूप हसली. आणि तू हळू केलं नाहीस.

मला वाटलं, आता ही मला हाकलून देईल, आणि दिलं तर बरोबरच आहे.

ती म्हणाली, "मीच शिकवलं होतं तिला ते. रिक्षात बसली तरी म्हणायची." मग म्हणाली, "हसली ना?" मी हो म्हटलं. "हसली की तिला उचकी लागायची. लागली होती का?" मला माहीत नव्हतं. ते तू मला सांगितलं नव्हतंस.

काल रविवार. तिनं तिच्या मुलीचं नाव घेतलं, आम्ही उत्तर दिलं. मग मी उठले, नेहमीसारखी, तोंड मिटून. काकूंनी सुरुवात केली, पण त्यांच्याबरोबरच तिसऱ्या बाकावरून आवाज आला. हळू, पण आला. "प्रभू, जवळ राहा." मी बसताना बाक चुकले आणि खजिनदारांच्या मांडीवर पडणार होते.

उपासनेनंतर ती फाटकापाशी माझी वाट बघत थांबली. म्हणाली, "त्याला लिहाल तेव्हा आधी हे लिहा, की मी त्याला माफ केलेलं नाही. उगाच समज नको." म्हणून लिहिलं. तिनं तुला माफ केलेलं नाही.

मग म्हणाली, "पुढच्या भेटीला मी येईन. उचकीचं त्यालाच विचारीन. कुठलं कुठलं आणखी आठवत असेल त्याला. तिचे केस बांधलेले होते की सुटले होते, खिडकी उघडी होती का, वाटेत काय काय दिसलं तिला." आणि माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "पण ताई, त्याला सांगा, सगळं एकदम सांगू नकोस. एकदम सांगितलं तर संपून जाईल. मग माझी पोर पुन्हा गेली."

तेव्हा बाहेर ये. तोंड जाळीकडे करून बस. आणि थोडं थोडं सांग.

ताई